तुर्की मॅगझिनवाले आलेच नाहीत

परवापर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मुलगा ब्रिस्टलला असतो, त्यालाही नाही. जिला सांगायला हवी होती ती – शेवंता, माझी बायको – गेल्या हिवाळ्यात गेली. आता तुम्हाला सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, मांडून सांगणं जमत नाही. जसं येईल तसं घ्या.

आमचं घर लंडनात, एजवेअरला. भिंतीला भिंत लागून नेर्मिन राहते. तुर्कस्तानची, एकटी, आवाज मोठा. शेवंताला इंग्रजी येत नव्हतं आणि नेर्मिनला मराठी. पण दोघींनी शोधून काढलं – दुनिया, हवा, बाजार, साबण, हे शब्द त्यांच्याकडेही आहेत. तेवढ्या भांडवलावर रोजची दुपार निघायची. मी डेपोतून दमून यायचो तर किचनमध्ये या दोघींचा हसण्याचा दंगा. कशाला हसता विचारलं तर सांगता यायचं नाही.

नेर्मिनची भाची एका मॅगझिनमध्ये कामाला होती. तुर्की लोकांची कला, त्यांचा इतिहास, जुन्या इमारती – त्याचंच मॅगझिन. इंग्रजीत, जाड गुळगुळीत कागद. नवा अंक आला की नेर्मिन तो घेऊन दारात हजर. शेवंताला त्यातलं अक्षर वाचता यायचं नाही, पण चित्रांवरून बोट फिरवत बसायची. निळ्या फरशा, त्यांवरची फुलं, गालिचे विणणाऱ्या बाया. एकदा गोधड्या शिवणाऱ्यांचा फोटो आला. दुकानात मांडी घालून बसलेले मिशीवाले पुरुष, मांडीवर लालभडक रेशमी रजई.

हिनं मला हाक मारली. "अहो, बघा जरा! तिकडं गडी माणसं रजया शिवतात. तुम्हाला साधा सुईत दोरा ओवता येत नाही."

नेर्मिनला काय कळलं कोण जाणे, पण ती टेबलावर हात आपटून हसली. मीही हसलो. हसलो का? दात दाखवले, एवढंच.

त्याच सुमारास हिनं एक गोधडी शिवायला घेतली होती. माझ्या आईची लुगडी, पोराचे शाळेचे शर्ट, माझ्या डेपोच्या निळ्या कपड्यांचे तुकडे. आमच्याकडे एक रीत आहे – शेवटची शिवण घालण्याआधी गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवायचा. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी राहतो म्हणतात. हिनं हे पोटावर हात फिरवून, तोंडाशी बोटं नेऊन नेर्मिनला समजावलं. नेर्मिन उठली, धावत घरी गेली आणि स्वतः भाजलेल्या पावाचा तुकडा घेऊन आली. तोच आत घातला. मग एका बाजूनं ही, दुसऱ्या बाजूनं ती, अशी शिवण पुरी केली.

भाचीच्या कानावर हे गेलं आणि मॅगझिनवाल्यांना फार आवडलं. रजयांवर त्यांचा मोठा अंक निघायचा होता. त्यात एक पान हिच्या गोधडीला देणार – मराठी बाईची गोधडी, पोटात तुर्की पाव. शनिवारी सकाळी येऊन फोटो काढणार, गोधडीचा आणि दोघींचा.

त्या आठवड्यात शेवंता जमिनीवर नव्हती. गोधडी उन्हात घातली – उन्हात म्हणजे आमचं इथलं ऊन, अर्धा तास. चकल्या केल्या. दोन साड्या पलंगावर काढून ठेवल्या आणि मला विचारलं, कोणती?

आणि ती दुकानात गेली असताना फोन वाजला. मी उचलला. पोरीचा आवाज, गोड. म्हणाली, "तुम्ही मिसेस शेवंताचे हजबंड का?" शनिवारचं नक्की ना, एवढंच विचारत होती.

मी म्हणालो, "नो. शी डोन्ट लाइक. डोन्ट कम." आणि फोन ठेवला.

का? – इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते निळ्या तुकड्यांमुळे. हॅरोला गणपतीत पुण्याची सॉफ्टवेअरवाली पोरं भेटतात, काका काका करतात, त्यांना मी 'ट्रान्सपोर्टमध्ये होतो' असं सांगतो. ट्रान्सपोर्ट कसलं! बस धुवायचो मी. लोकांच्या ओकाऱ्या पुसायचो, सीटखालचं च्युइंगम खरवडायचो. ते कपडे मॅगझिनमध्ये छापून आले असते तर अब्रू गेली असती, असं म्हणायचो मनात.

खोटं. त्या पोरांच्या हातात तुर्की मॅगझिन कशाला जाईल? आणि निळा तुकडा कशाचा, हे कुणाच्या बापाला कळलं असतं?

खरं कारण फोनवरच्या त्या 'हजबंड' शब्दात होतं. उभा जन्म ती माझी बायको होती. दुकानात, डॉक्टरच्या सर्जरीत, मंडळात – अमक्याची बायको. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचा नवरा झालो. ते मला सोसलं नाही. एवढंच. याहून मोठं कारण नाही.

शनिवारी ती नेसून खिडकीपाशी बसली. दुपार झाली तरी उठेना. चकल्यांवरचं झाकण काढायची, पुन्हा घालायची. मी समोर पेपर धरून बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. फोन करून बोलावता आलं असतं.

त्याच्या उलट केलं. संध्याकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेलो तर नेर्मिन तिच्या दारात. तिनं विचारायच्या आत मी म्हणालो, तिला हे असलं आवडत नाही, तिला विचारू नका, तिला वाईट वाटतं. नेर्मिनचं तोंड एवढंसं झालं. मान हलवून आत गेली.

मी घरात आलो. शेवंतानं विचारलं, "काय म्हणाली ती?"

आता हे सांगतो, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं. मी म्हणालो, "काय म्हणणार? भाचीबरोबर हसत होती. चिंध्या बघायला कोण येणार म्हणाली. तुला येडी बनवलं तिनं."

ही उठली. साडी बदलायला वर गेली.

त्यानंतर भिंतीपलीकडं जाणं बंद. नेर्मिन मॅगझिन दारातून आत टाकायची, ही उचलून थेट रीसायकलिंगमध्ये. मग तेही यायचं थांबलं. दुपारी घरी आलो की घर गप्प. मला हेच हवं होतं ना? मिळालं.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी एकदा माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं तुम्ही तेव्हाच सांगितलंत. नाहीतर मी बसले असते त्या बाईच्या नादी." मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

ती गेल्यावर नेर्मिन आली. हातात मोठं भांडं, त्यात शिरा. माझं डोकंच फिरलं – घरात माणूस गेलंय आणि ही बाई सत्यनारायणाचा प्रसाद आणते? तोंडावर बोललोच काहीतरी. तिनं शांतपणे सांगितलं, आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं हाच रवा भाजतात, हेल्वा म्हणतात, भाजताना त्याची आठवण काढतात. मी बराच वेळ ढवळत होते, म्हणाली.

मी एक घासही न खाता तो टाकून दिला.

भांडं घरात तसंच पडून होतं, नजर चुकवत होतो त्याची. परवा धुतलं. आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून होती तेवढी साखर घातली आणि तिच्या दारात उभा राहिलो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, माझ्या तोडक्या इंग्रजीत – फोन, बिनपाशी बोललो ते, आणि चिंध्या. ती एवढंच म्हणाली, "मी किती वर्षं समजत होते, तिला माझी लाज वाटते." भांडं घेतलं. "गो होम," म्हणाली. दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

घरी आलो, भात टाकला, पोटभर जेवलो. रात्री गाढ झोप लागली. लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं किती बोलू – हलकं वाटलं.

शेवंता गेली तेव्हा तिच्या लेखी मैत्रीण खोटी होती आणि नवरा खरा. ते मी केलं.