आबा मिस्त्री आणि ड्रमचं झाकण

आबा मिस्त्रींना चूक लगेच दिसायची, पण चुकणारा माणूस काही केल्या दिसायचा नाही. बोईसरच्या आमच्या फर्निचरच्या शेडमध्ये एखादं दार तिरकं बसलं की मी आधी ‘कोणी केलं हे?’ म्हणून डाफरायचो. तोवर आबा गुडघे टेकून बिजागरी चाचपत असायचे. “कोनी केलं ते ऱ्हाऊ दे शेट, कुटं चुकलं ते बघू.” शेठ कसला डोंबलाचा! भाड्याच्या शेडचा धनी मी. पण वडिलांच्या वेळेपासूनचा हा माणूस मला शेठ म्हणायचा आणि त्याच तोंडाने गप्पही करायचा.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे फट. दार असो, खण असो, झाकण असो, कडेला नाण्याच्या जाडीएवढी फट राहिलीच पाहिजे. “पावसात लाकूड फुगतं. त्याला अंग हलवायला जागा नको?” आमचं कपाट पावसाळ्यात अडल्याची तक्रार आजवर एकाही गिऱ्हाइकाने केलेली नाही.

मग त्यांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी बजावलं, भुशातलं काम बंद. आबा कायमचे मासवणला, त्यांच्या गावी, घरी बसणार हे मला पटेचना. मी हट्टाला पेटलो आणि भुसा ओढून घेणारं यंत्रच शेडमध्ये बांधायला घेतलं. वर मोटर, पंखा आणि हवा गाळून सोडणारी कापडी पिशवी, मध्ये पत्र्याचं मोठं नरसाळं, खाली भुसा पडायला ड्रम. ड्रमचं प्लायचं झाकण आबांनी हौसेने स्वतः केलं. पंधरा दिवसांत यंत्र चाललं तर आबा राहणार, नाहीतर हत्यारं गुंडाळणार, असं ठरलं.

बटण दाबलं आणि काय सांगू! ड्रम रिकामा, आणि सगळा भुसा वरच्या पिशवीतून आमच्याच डोक्यावर. “शेठ, ये तो पहले से ज़्यादा उड़ा रहा है,” आमचा पॉलिशवाला म्हणाला. मी मोटरवाल्याला झापलं, पत्रेवाल्याला झापलं. दिवस चालले होते आणि आबा बाहेर बाकड्यावर खोकत होते.

एका सकाळी ते नाकाला रुमाल बांधून आत आले. गणपतीपुढची पेटती अगरबत्ती उचलली आणि चालू यंत्राच्या सांध्यासांध्यावरून फिरवली. झाकणापाशी धूर सर्रकन आत गेला.

“बंद करा. चूक माजी हाय,” सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. “झाकन मी केलं. सवयीनं फट ठेवली. हितनं वारं घुसतंय, भुसा खाली बसंल कसा?”

“जाऊ द्या आबा, कोणी केलं ते...”

“ते दुसऱ्याचं शेट. आपलं सांगायचं असतं.”

सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी झाकणाच्या कडेने ठोकली आणि चिमटे आवळले. दुपारपर्यंत ड्रम अर्धा भरला. मला तर नाचावंसं वाटलं.

त्यानंतर आबा तीन वर्षं कामाला आले. मग दम पुरेना, तेव्हा थांबले. परवा मासवणला गेलो, तर ओट्यावर बसले होते. चार शब्दांमागे एक श्वास घेत म्हणाले, “तीन वर्सं जादा दिलीत शेट.”

त्याआधीची वीस वर्षं याच शेडमध्ये आम्ही त्यांना भुसा खाऊ घातला होता. ते यंत्र मला तेव्हाच बांधता आलं असतं. चूक माझी होती, आणि ती सांगायलाच मी गेलो होतो. पण त्यांच्या सुनेने चहा आणला आणि मी तो पिऊन परत आलो.