चार उजवीकडे, दोन वर

मी सदाशिव पेठेत वाढलो आणि जन्मभर कारखान्यातली मशिनं दुरुस्त केली. भूतखेत, करणी, साक्षात्कार – कशावरच विश्वास नाही. आजही नाही म्हणा... पण हे एकदा लिहून टाकतो.

जुन्या स्पोर्टिंग रायफली जमवायचा मला नाद आहे. लायसन्सवर दोनच बसतात, त्यामुळे हा नाद म्हणजे बहुतेक नुसतं बघून येणं. गेल्या वर्षी कॅम्पातल्या एका डीलरकडे पॉइंट टू-टूची विलायती रायफल दिसली. मागे, खांद्याला टेकवायच्या बटाच्या टोकाला, शिसवी तुकडा जोडलेला. ही तर बाबांचीच रायफल. बाबा उंच, बट त्यांना आखूड पडायचा. तो तुकडा त्यांनी स्वतः घासून बसवला होता!

"बघताय की घेताय?" डीलर.

"घेतोय," मी म्हणालो.

बाबांची शिस्त एकच. नेम धरायच्या मागच्या साइटला दोन छोटी चाकं असतात – एक डावं-उजवं, एक वर-खाली; फिरवली की टक् वाजतात, एक टक् म्हणजे एक क्लिक. आपापल्या डोळ्याप्रमाणे साइट लावायची आणि काम झालं की शून्यावर आणून ठेवायची. माझी साइट चार उजवीकडे, दोन वर. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांची रायफल सरावाला नेली आणि शून्यावर न आणता तशीच केसमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांची स्पर्धा होती. गोळ्यांची तेव्हा इतकी टंचाई की चाचणीची गोळी मिळायचीच नाही. बाबांनी शून्य धरून आपले क्लिक मोजले आणि दहाच्या दहा गोळ्या भलतीकडे गेल्या. मग त्यांनी चाकं उलटी फिरवली. आधी आपले क्लिक काढले, मग उरलेले माझे. टक् टक् टक् टक्... टक् टक्. मी मागेच उभा होतो. त्यांनी रायफल केसमध्ये ठेवली आणि ते घरी निघाले. पुन्हा स्पर्धेत उतरले नाहीत, वर्षभरात रायफलही विकली. 'माझं चुकलं' म्हणायचं राहून गेलं, आणि मग बाबाच गेले.

तर – रायफल घरी आणली, पुसली, साइट शून्यावर आणली, कपाटाला कुलूप. किल्ली एकच, माझ्या खिशात. रविवारी सकाळी रेंजवर केस उघडली... चार उजवीकडे, दोन वर.

वाटलं, आपलाच वेंधळेपणा. पुन्हा शून्यावर आणली, या वेळी मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या रविवारी तेच! फोटोत मात्र स्वच्छ शून्य.

"अहो, चष्मा फ्रीजमध्ये ठेवणारी माणसं तुम्ही," बायको म्हणाली. "उगाच भुतांवर आळ घेऊ नका."

तिसऱ्या रविवारीही तेच. बाबा रागावलेले असते तर त्यांनी त्यांची साइट लावली असती... ही तर माझी होती, माझ्यासाठी लावून ठेवलेली. मी हात न लावता तसाच मॅटवर पालथा झालो, गाल लाकडाला टेकवला आणि म्हणालो, "बाबा, माझं चुकलं." शेजारच्या लेनमधला पोरगा वळून बघत राहिला. मला रडू आवरेना.

निघताना साइट शून्यावर आणली. चौथ्या रविवारी केस उघडली, तर शून्यावरच. त्यानंतर आजपर्यंत ती कधीही हललेली नाही.

याचा उलगडा मला झालेला नाही. स्प्रिंग, स्क्रू, सगळं खोलून पाहिलं, काही दोष नाही. बायको म्हणते, "सुटलात एकदाचे." पण खरं सांगू? त्या चौथ्या रविवारी मला फार वाईट वाटलं. अजूनही केस उघडताना मी आधी साइट बघतो.