माल, खांब, एक

केळशीहून निघताना खांबाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि तो हसनच्या टेम्पोत चढवला. चढवायला अर्धी केळशी लागली. उरलेली अर्धी सूचना द्यायला होतीच.

खांब म्हणजे मल्लखांब. अस्सल सागवानी, पुरायच्या भागासकट बारा फूट. खाली जाडजूड अंग, वर निमुळती मान आणि टोकाला गरगरीत बोंड. नेपाळात सीमेलगतच्या एका शाळेने आमच्या गावच्या सहा मुलींना प्रात्यक्षिकाला बोलावलं होतं. त्या शाळेत सगळं होतं, फक्त मल्लखांब नव्हता. मुली आणि त्यांच्या मेघनाबाई रेल्वेने पुढे गेल्या. खांबाला रेल्वेने नकार दिला. मग खांब पोचवायला माणूस कोण? अर्थात मी. तरुणपणी मी बोंडावर एका पायावर उभा राहून आंजर्ल्याच्या गणपतीला नमस्कार करायचो, ही गोष्ट गावाला मीच चाळीस वर्षं सांगत आलो होतो. खरं म्हणजे आखाड्यात माझं काम खांबाला एरंडेल चोळायचं. पण ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगत बसलो नाही.

टेम्पो हर्णेचा, एरवी सुकट वाहणारा. तीन दिवसांच्या प्रवासात आम्हाला एकाही नाक्यावर पाच मिनिटांच्या वर थांबवलं नाही. पोलीस मागचा पडदा उचलायचे आणि हातानेच ‘जा, जा’ करायचे. नर्मदा ओलांडेपर्यंत मांजरांची एक टोळी आमच्या मागे होती. हसन म्हणतो एकच मांजर होती. हसनला मोजायची सवय नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एकला सीमा आली. पलीकडे टेम्पो न्यायचा परवाना नव्हता, म्हणून आठ हमाल केले. हसन दरवर्षी आमच्या शिमग्याला होळीच्या माडाला खांदा देतो, त्यामुळे खांब खांद्यावर येताच त्याच्या तोंडून आपसूक आरोळी निघाली, “हुर्रा रे हुर्रा!” हमालांनाही ती आवडली. अशा मिरवणुकीने आम्ही परदेशात शिरलो.

भन्सारात (जकात कचेरीत) एक शांत, चष्मेवाले साहेब होते. त्यांनी माझा कागद वाचला, खांब पाहिला, पुन्हा कागद वाचला.

“यो के हो? (हे काय आहे?)” मग माझा चेहरा बघून हिंदीत, “आप बिजली का खंभा बेचने आये हैं?”

मी कागद ओढून घेतला. दापोलीत टाइप करून घेतलेला. ‘मल्लखांब, एक’ असं मी लिहून दिलं होतं. टाइप करणाऱ्या विद्वानाला वाटलं, हा केळशीवाला अशुद्ध लिहितोय. त्याने सुधारलं : ‘माल : खांब, एक.’

“साहब, ये खेल है,” मी म्हणालो. “इस पर लडकी लोग कसरत करता है.”

“इस पर?” साहेबांनी एरंडेलाने चकाकणाऱ्या खांबावरून बोट फिरवलं, ते सर्रकन घसरलं. “खेल का सामान होगा तो वापस ले जाने की शर्त पर छोड दूँगा. इमारती लकडी होगी तो काठमांडू से परमिट.”

तेवढ्यात मेघनाबाईंचा फोन. “भाऊ, चारला कार्यक्रम आहे. मैदानात खड्डा खणून तयार आहे. मुली खड्ड्याच्या कडेला बसून रडायला लागल्यात. खांब कुठाय?”

“बाई, हा काय, दारात!” मी म्हणालो. कोणाच्या दारात, ते सांगितलं नाही.

साहेब म्हणाले, “खेल है तो दिखाइए.”

हसनने माझ्याकडे बघितलं. “दाखवा ना भाऊ. तुम्ही तर बोंडावर उभे राहायचात.”

मेल्याने वेळ बरोबर साधली.

कचेरीसमोर विजेच्या खांबासाठी खणलेला एक खड्डा होता. हमालांनी त्यात आमचा खांब उभा केला, दगड ठोकून घट्ट केला. शेजारची चहावाली दिदी (ताई) पळत बाहेर आली. “खम्बा आयो! बत्ती आयो!” तिने टाळ्या पिटल्या. सहा महिने ती विजेच्या खांबाची वाट बघत होती. बघता बघता निम्मं नेपाळ गोळा झालं.

मी शर्ट काढला, खांबाला नमस्कार केला आणि झेप घेतली. पुढचं मला पोटाच्या बाजूने आठवतं. एक हात चढलो, दोन चढलो, आणि मग एरंडेलाने, जे मी जन्मभर इतरांच्या खाली चोळलं, माझा हिशेब चुकता केला. सुर्रकन खाली. पुन्हा चढलो, पुन्हा सुर्रकन. लोक हसून लोळले. दोन हमालांनी करून पाहिलं, तेही घसरले. शेवटी साहेबांनी बूट काढले, बाह्या सरसावल्या, झेप घेतली आणि माझ्याहून लवकर खाली आले.

धोतराएवढा रुमाल काढून त्यांनी हात पुसले. “जिस पर आदमी नहीं टिकता, उस पर तार क्या टिकेगा! खेल ही है.” आणि शिक्का मारला.

खांब उपटताना दिदीचं तोंड एवढंसं झालं. तिने आम्हाला चहा दिला, पण साखर घातली नाही.

हमाल पळत सुटले. चारला पाच कमी असताना खांब मैदानात उभा राहिला. मुली त्यावर अशा चढल्या, जणू तिथे एरंडेल नाहीच, जिना आहे. सर्वांत धाकटी बोंडावर एका पायावर उभी राहिली आणि तिने नमस्कार केला. मी शर्टाची बटणं उगाच पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

परतीला दिदीचा खड्डा तसाच होता. खांब केळशीच्या आखाड्यात पुन्हा पुरला आहे, सुकटीचा वास अजून गेलेला नाही. चाळीस वर्षांची थाप गावाने मुकाट ऐकली. आता खरोखर चढलो, तर कोणाला पटत नाही. हसनला विचारलं तर म्हणतो, “भाऊंनी मिठी मारली, एवढं पाहिलं.” म्हणून तो भन्सारचा कागद मी चौकटीत घालून ओटीवर लावलाय. साहेबांच्या हातचा शेरा आहे : ‘खेलकुद सामग्री. चढेर जाँचिएको.’ चढून तपासलं.

किती उंच, ते मात्र साहेबांनी लिहिलेलं नाही. येईल त्या पाहुण्याला तेवढं मी तोंडी सांगतो.