दोन आईबापांची विंडो

आमच्या ऑफिसात कोडपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कोडचा बॅकअप गजाननभाऊ घेतात, किश्शांचा मी!

परभणीत ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस. दोन्हीचे मालक गजाननभाऊ, मी अन् इम्रान प्रोग्रामर. कापसाच्या जिनिंगवाल्यांना गाड्यांच्या वजनकाट्याचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर करून देतो. इम्रानला व्यसन एकच, मल्टिपल इनहेरिटन्स! म्हणजे प्रोग्राममधल्या एका साच्याला, क्लासला, दोन आईबाप द्यायचे अन् दोघांचे गुण फुकटात घ्यायचे. "ताई, मेहनत कायको? खानदानातून घ्यायचं!"

*

एकदा त्यानं स्क्रीनवरच्या एका डब्याला बटण अन् टेक्स्टबॉक्स असे दोन आईबाप दिले. प्रोग्राम सुरूच होईना. विंडो-बटणं तयार देणाऱ्या फ्रेमवर्कचा नियमच हाय, माझ्या घरातला एकच घ्या, दुसरा बाहेरचा बघा.

गजाननभाऊ म्हणाले, "बरोबर हाय की! मी दोन सख्खे मेहुणे दुकानावर ठेवले होते, मला इचार!"

*

मग त्यानं आवाजाचा क्लास लिहिला. सेलूच्या जिनिंगवर रिवाज असा, वजन झालं की काट्यावर 'पीं' वाजतं अन् ड्रायव्हर गाडी खाली घेतो. इम्राननं हा आवाज स्क्रीनवरच्या सगळ्याच डब्यांच्या खानदानात घुसवला.

तिथली ऑपरेटर शबाना. तिनं गाडी नंबरचा पहिला अंक टाकला, पीं! कापसाचा टेम्पो खाली उतरला. परत बोलावला. दुसरा अंक, पीं! टेम्पो परत खाली.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाई, वजन करायलाव का वरात काढायलाव?"

इम्राननं फोनवर माफी मागितली. ती माफी रोज चालायला लागली, तेव्हा आमी काय ते समजलो.

*

शबानाचे अब्बा त्याच जिनिंगचे मॅनेजर. इम्रानच्या घरून सोयरीक गेली, तर त्यांचा निरोप आला, "पैले सॉफ्टवेअर टिकने दो, फिर बेटी की बात."

इम्रानचं जेवण सुटलं! मला लय वाईट वाटलं. मी पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलले.

*

अन् नेमकं तेव्हाच नवं लफडं! या खेपेला विंडोचेच आईबाप दोन: फ्रेमवर्कची विंडो अन् आमचा काट्याचा क्लास. दोघांनाही 'बंद हो' म्हटलेलं कळतं, पण ऐकतो फक्त पहिल्या नंबरचा. वजन झाल्यावर काटा बंद व्हावा, तर विंडोच बंद!

शबानाचा फोन, "वजन झालं की तुमचं सॉफ्टवेअर घरी जायलंय!"

इम्राननं आईबापांची अदलाबदल केली. काटा पहिला, विंडो दुसरी. वजन झालं, विंडो जागेवर! गजाननभाऊंनी पेढे मागवले.

*

दुसऱ्या दिवशी आमी सेलूला. अब्बा खुर्चीवर, शबाना मागं उभी. गाडी आली, वजन चोख, पावती निघाली. अब्बा खूश. त्यांनी 'बाहेर पडा'चं बटण दाबलं.

विंडो हलेना! आता 'बंद हो' म्हटलेलं काटा ऐकत होता ना! अब्बांनी परत दाबलं. परत दाबलं. इम्रान पांढराफटक.

"मियाँ, ये तो जाइच नै रा!"

गजाननभाऊ छताकडं बघायला लागले.

शबाना वाकली, स्क्रीन बघितली, मग इम्रानकडं बघितलं.

"अब्बा, पैलेवाला काम हुआ के निकल जाता था. ये भगाए तो बी नै जा रा," तिनं ओढणी सावरली. "रहने दो. मेरेकू चलता!"