हातनको ताई

पडताना माणूस हाताला येईल ते धरतो. आमची ताई पडताना दोन्ही हात डोक्यावर न्यायची. पेणला रामवाडीत तिच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना होता. रंग ओले असले की मूर्तींच्या रांगांमधून जायला वीतभरच वाट उरायची. एकदा ती तिथे घसरली. हनुवटी फुटली, टाके पडले, पण एकाही सोंडेला तिचं बोट लागलं नाही. रक्त पुसत ती मला म्हणाली, "माझं भरून येतं गो. सोंड पुन्हा करायला लागते."

ताई माझी आतेबहीण. रोह्याला आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी कॉलेजसाठी पेणला आले तेव्हा आत्याने मला ठेवून घेतलं आणि ताईने माळ्यावरचे रंगाचे डबे सरकवून माझ्या पुस्तकांना जागा केली. खाली तिचं एकच वाक्य दिवसभर चालायचं, "हात नको लावू!" गिऱ्हाइकांना, पोरांना, खिडकीतून डोकावणाऱ्यांना, सगळ्यांना तेच. आळीतल्या पोरांनी तिचं नावच 'हातनको ताई' पाडलं. मातीची गोणी उचलायला मी खाली उतरले तरी ती म्हणायची, "हात नको लावू. तू वर जा, अभ्यास कर." मी पदवीधर झाले त्यात त्या वाक्याचा वाटा मोठा आहे.

तिचे वडील गेले आणि कारखाना तिच्यावर आला. आमच्याकडे घराण्याचे गणपती पाटावर सांगतात. आषाढात लोक घरचा पाट कारखान्यात आणून देतात, त्याच पाटावर त्यांची मूर्ती घडते. पाट घेतला म्हणजे शब्द दिला, मग त्यातून सुटका नाही. ताई दर वर्षी म्हणायची, "यंदा शेवटचं. पुढच्या आषाढात पाट आला तर दारातनंच परत पाठवीन." आषाढ यायचा आणि फळ्या पाटांनी भरायच्या.

तिची मोकळीक वर्षातून एकदाच, विसर्जनानंतरच्या पितृपक्षात. कारखाना रिकामा असायचा. ओली मूर्ती धक्का न लागता सरकवायला आमच्याकडे बेरिंगची चाकं लावलेली फळी होती. त्या दिवसांत ताई साडीचा पदर खोचून त्या फळीवर उभी राहायची, एका पायाने रेटा द्यायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडखडत जायची. भिंत आली की वळायची. मी माळ्यावरून बघत असे. तिला आणखी जागा हवी होती, हे दिसायचं.

मला शहरात नोकरी लागली तेव्हा तिथलं मोठं स्केटपार्क पाहून मला पहिली आठवण तिचीच आली. पितृपक्षात तिला बोलावून घेतलं. उतार, कठडे, आणि मधोमध विहिरीएवढे गुळगुळीत सिमेंटचे खड्डे. मुलं त्यात चाकांच्या फळीवरून उतरत होती आणि भिंतीवर चढून बाहेर येत होती. ताई बघतच राहिली. "एवढी जागा नुसती खेळायला? आणि कोण ओरडत नाय?"

हेल्मेट घातलेल्या एका मुलीने तिला आपली फळी दिली. सपाट भागावर ताई अशी काही गेली की ती मुलगी म्हणाली, "काकी, तुम्ही शिकलाय कुठे?"

"गणपतीच्या कारखान्यात," ताई म्हणाली.

तेवढ्यात मी मनातलं बोलून टाकलं. माझ्या ऑफिसजवळ खेळणी रंगवायच्या कारखान्यात माणसं हवी होती. खोली माझी होतीच. ती म्हणाली, "व्हय, येते. पुढच्या आषाढात पाट घेतच नाय." आणि खड्डा नीट बघायला काठावर गेली.

नवी चप्पल गुळगुळीत काठावरून सटकली. कोणीही हात टेकून स्वतःला सावरलं असतं. ताईचे हात सवयीने वर गेले आणि ती बसल्या बसल्या तळाला पोचली. वरून सगळे ओरडले, "हात टेका, काकी!" ती पुन्हा पुन्हा धावत चढायची, अर्ध्यावर पोचायची, आणि हात हवेतच ठेवून खाली घसरायची.

"वर्षभर आत," ती खालून हसत म्हणाली, "आणि सुट्टीला आली तर इथे पण आत!"

मग तिचं हसू थांबलं. ती सगळीकडून वर गेलेल्या त्या भिंतीकडे बघत राहिली. मी काठावर पालथी पडले, त्या मुलीने माझे पाय धरले. ताई माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "हात दे." इतक्या वर्षांत तिचा हात मी पहिल्यांदाच धरला. मातीपाण्याने तळवा सगळा भेगाळला होता.

पुढच्या आषाढात मी तिच्या फोनची वाट बघत होते. फोन आला. गागोद्याचे एक म्हातारबाबा पाट धोतरात गुंडाळून एसटीने आले होते. "एवढ्या लांबनं आले गो. पाट डोक्यावर घेऊन दारात उभे. परत कसं पाठवू?" एक घेतला म्हटल्यावर मग सगळेच घ्यावे लागले.

पुढे माझं लग्न झालं. गेल्या वर्षी आम्ही स्वतःचं घर घेतलं. सासूबाईंनी विचारलं, पहिला गणपती कुठून आणायचा? दुसरं ठिकाण माझ्या मनातही आलं नाही. आषाढात शिसवी पाट घेऊन मी रामवाडीला गेले. बेरिंगच्या फळीवर मातीच्या गोण्या रचल्या होत्या. ताई स्टुलावर चढून पाट लावत होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"तू पण गो?"

तेव्हा कुठे मला कळलं मी काय घेऊन आले आहे. मी पाट पुन्हा पिशवीत घालू लागले.

"आण इकडे," ती म्हणाली. तिने पाटाचं एक टोक धरलं, तो उचलून पाहिला. "जड हाय. हात दे."

दोघींनी मिळून तो वरच्या फळीवर ठेवला, गागोद्याच्या पाटाशेजारी.