घरात माणसं किती?

गाडीला मोठी अलॉय चाकं बसतील का, असं कुणी विचारलं की नाना गाडीकडे बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, "घरात माणसं किती?" नवखा माणूस चक्रावून जायचा. चाकं बदलायला आलोय, सोयरीक जमवायला नाही, असं एकजण त्यांना म्हणालाही होता. नाना शांतपणे म्हणाले, "रिकाम्या गाडीला काय बी बसतंय. माणसं बसल्यावर काय व्हतंय, ते बघायचं असतं."

भोरला एसटी स्टँडच्या अलीकडे त्यांचं टायरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, हवेचा पंप आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला चिखलाचा गोळा. चिखल उत्रोलीच्या भातखाचरातलाच लागायचा, दुसरा त्यांना चालत नसे. नवीन चाक चढवलं की मडगार्डच्या आतल्या बाजूला ते त्याचा बोटभर थर लिंपायचे. मग शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं गाडीत कोंबायची, आपण पुढे बसायचं, आणि गावातल्या झाडून सगळ्या गतिरोधकांवरून, वळणावळणांनी एक फेरी मारायची. परत आल्यावर चिखल शाबूत असेल तर "बसव माणसं". कुठे टायर घासून पुसला गेला असेल तर "न्हाई". मग ब्रह्मदेव आला तरी ते चाक गाडीवर राहत नसे.

पुण्यात ही सगळी मापं कंप्युटरवर दिसतात, असं मी त्यांना एकदा शहाणपणानं ऐकवलं. "त्या कंप्युटरला तुझी मामी म्हाईत हाय का?" त्यांनी विचारलं. माझी मामी चांगली वजनदार आहे. टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो.

पुढे मी गाडी घेतली. जुनीच, पण माझी. वेल्ह्याला मावसभावाचं लग्न होतं आणि चौदा इंची साध्या चाकांवर मला तिथे उतरायचं नव्हतं. पुण्याहून सोळा इंची काळे अलॉय, रुंद टायरांसकट, पसंत पडले तर ठेवायचे या बोलीवर आणले. नेमका त्या आठवड्यात नानांचा गुडघा धरला होता, गाडीत बसवेना. त्यांनी चिखल लिंपला आणि म्हणाले, "टपरीवरली माणसं घे. तुला धरून पाच व्हऊ देत. फेरी मारून ये, मी हितंच हाय." फेरीला दुसऱ्याला पाठवायची त्यांची ती पहिलीच वेळ. माझ्या सायकलची पंक्चर काढल्यापासून ते मला ओळखत होते, म्हणून पाठवलं.

मी टपरीपाशी गाडी थांबवलीच नाही. माणसं बसली तर चिखल पुसला जाणार, हे मला आतून कळत होतं. एकटाच उत्रोलीपर्यंत गेलो आणि सावकाश परत आलो. नानांनी वाकून चिखल बघितला. "पाच बसली व्हती ना?"

"हो नाना."

"मग बसव घरची माणसं."

लग्नाच्या दिवशी आई, वडील, मामा, मामी आणि मी, असे पाच जण निघालो. वेल्ह्याच्या अलीकडे एका वळणावर घासून घासून मागचा टायर फुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. आईचा उजवा हात मनगटात मोडला.

गाडी ओढून नानांच्या दारात आणली, तेव्हा आई गळ्यात हात अडकवून माझ्याबरोबर आली. तिनं भर रस्त्यात नानांना सुनावलं. "तुमच्या शब्दावर गाडीत बसलो आमी, नाना!" टपरीवरची माणसं ऐकत होती. नाना बॅटरी घेऊन मडगार्डच्या आत बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि मलाच विचारलं, "पाच बसली व्हती ना रं?"

मी आईकडे बघितलं आणि हो म्हणालो.

"मग चुकलं माझंच, वैनी," नाना म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मोठी चाकं तपासणं सोडलं. कुणी आलंच तर "आता माझ्या नजरंचं काय खरं न्हाई" म्हणून परत पाठवायचे. गोणपाट कोपऱ्यात वाळून कडक झालं. मी त्या रस्त्यानं जाणंच टाळू लागलो. दुकान बंद करून ते लेकीकडे वेल्ह्याला निघाले, तेव्हा मात्र राहवलं नाही. जाऊन सगळं सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "कुठं घासलं ते म्या बघितलं की. माणसं बसली असती, तर चिखल तितंच पुसला असता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुझी आय समोर हुबी व्हती. तिला मोडल्या हाताचं दुखणं बास व्हतं." मग पान्यांची पेटी बांधता बांधता म्हणाले, "हात उचलतोय का आता वैनींचा?"

मी त्यांना पेटी उचलू लागलो. दुसरं काही करण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात नाना गेले. बातमी ऐकून आई म्हणाली, "माणूस देवासारका, पर चाकातलं काय कळत न्हवतं त्येला." हे ती गेली कित्येक वर्षं म्हणते आहे, घरी आलेल्या प्रत्येकाला सांगते आहे. त्या दिवशीही मी ताटातला घास मोडत राहिलो. लाज वाटते, पण तसंच झालं.

म्हणून हे लिहिलं. आईला वाचता येत नाही. उद्या तिला समोर बसवून मीच वाचून दाखवणार आहे.