येवल्यात उसवलेला पदर

मनमाडला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं आणि माझा पारा त्याहून वर. भाचीच्या लग्नाची पैठणी येवल्याहून आणायचं काम घरात मलाच मिळालं होतं, कारण मी म्हणे लोकांकडून कामं करून घेते. स्टेशनबाहेर तोऱ्यात जीपमध्ये बसले. सुटल्यावर कळलं, ती नांदगावला निघाली आहे. चालकाने हसत उतरवलं.

योग्य जीपमध्ये जागा मिळाली ती कांद्याच्या गोणीशेजारी. अंकाईचा किल्ला मागे पडला, मग दोन्हीकडे कांद्याची वावरं आणि कांदा साठवायच्या चाळी. शेजारच्या मावशींनी न विचारता भाजक्या शेंगा हातावर ठेवल्या. माझा राग निम्मा उतरला.

येवल्यात आमची पैठणी विणणाऱ्या पांडुरंगभाऊंच्या घरी पुढच्याच खोलीत हातमाग होता. पदर विणताना दोघं शेजारी बसतात, अर्धा याचा, अर्धा त्याचा. पांडुरंगभाऊ आणि शंकरभाऊ तरुणपणापासून असे जोडीने बसत आलेले. दिवाळीनंतर शंकरभाऊंना लकव्याचा हलका झटका आला. हात सुधारला म्हणून ते नुकतेच मागावर परतले होते. हे सगळं पांडुरंगभाऊंच्या पत्नीने पोहे देता देता सांगितलं.

बाकी साडी विणून झाली होती, मोरांचा पदरही जवळजवळ पुरा झाला होता. शंकरभाऊंनी मला विचारलं, कसा वाटतो. मी म्हटलं, अप्रतिम. मला काय, साडी पिशवीत घालून निघायचं होतं. ते मित्राकडे वळले.

"तू सांग."

पांडुरंगभाऊंनी पदराच्या जरीवरून बोटं फिरवली. "तुझ्या बाजूची वीण ढिली पडली, शंकर. मोर फुगलेत."

"कधी दिसलं तुला?"

"काल. बोलायचा धीर नाय झाला."

शंकरभाऊंचा चेहरा उतरला. माझ्या जागी दुसरा कोणी बसव, असं ते हळूच म्हणाले. लग्न तोंडावर आलंय, हे म्हणायला जीभ रेटेना.

पांडुरंगभाऊंनी उसवायला घेतलं, तेही स्वतःच्या बाजूने. त्यांचे मोर तर नीट होते. निदान ते तरी राहू द्या, मी म्हणाले.

"ओळ एकच असती, ताई. त्याचं उसवायचं तर माझं बी उसवतं." मग मित्राला म्हणाले, "उद्यापासनं हळू विणू. तुझा हात चालंल तसं."

शंकरभाऊंनी बाहीला डोळे पुसले आणि आपल्या बाजूचे जरीचे धागे सोडवू लागले.

संध्याकाळी मनमाडच्या फलाटावर रिकामी पिशवी घेऊन बसले. पैठणी लग्नानंतरच मिळणार, हे भाचीला फोनवर सांगितलं. ती आधी रुसली, मग म्हणाली, पहिल्या सणाला नेसेन. तोंडावर खरं बोलणाऱ्या मैत्रिणी मला पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच. पण बोलून झाल्यावर शेजारी बसून स्वतःचंही उसवणारी कोण? एकच नाव आठवलं. माझं कपड्यांचं दुकान चालणार नाही, असं ललिताने मला स्पष्ट सांगितलं होतं. ते बंद पडलं तेव्हा गावी जायला जपून ठेवलेली रजा माझ्यासोबत माल आवरण्यात घालवणारीही तीच.

गाडी यायला वेळ होता. तिला फोन लावला. काय काम काढलंस, तिने विचारलं. "काही नाही गं," म्हटलं, आणि मग मला रडूच आलं.